परतभेट: डोकी मोजू नका, घरं मोजा

वाचक लिहिते:

मी 29 वर्षांची, नाशिकची. फेब्रुवारीत माझं लग्न आहे. सकाळी छोटा विधी, दुपारी जेवण, दोन्हीकडची मिळून 110 माणसं. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असं छापलंय. सगळं ठरलं, अडलंय ते रिटर्न गिफ्टवर. होणारा नवरा म्हणतो, आपण काही घेत नाही तर परत कसलं द्यायचं? आई म्हणते, बायकांना रिकाम्या हाताने पाठवायची आपल्यात पद्धत नाही, निदान नारळ आणि ब्लाउजपीस तरी हवाच. सासूबाई सोलापूरच्या. त्यांनी एका हॅम्परचा फोटो पाठवलाय: खोक्यात सुगंधी मेणबत्ती, चार चॉकलेटं आणि आमच्या दोघांच्या नावांचा टॅग. मला स्वतःला तुळशीचं रोप द्यावंसं वाटतं. या खर्चासाठी 12,000 रुपये बाजूला ठेवलेत. लग्न साधं ठेवायचं ठरवून हा एकच विषय सगळ्यात मोठा होऊन बसलाय. काय करू?

*

तुमच्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत आणि गंमत म्हणजे चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. नवरा हिशेबाबद्दल, आई रीतीबद्दल, सासूबाई दिसण्याबद्दल आणि तुम्ही आठवणीबद्दल. एकाच वस्तूत ही चारही कामं बसवायला गेलात तर 12,000 काय, 50,000 पुरणार नाहीत.

आधी नवऱ्याचं घेऊ, कारण तो पर्याय सगळ्यात सोपा आहे आणि कुणी गांभीर्याने घेत नाही. आहेर घेत नसाल तर परत देण्याचं कुठलंही बंधन तुमच्यावर नाही. काहीच द्यायचं नाही असं ठरलं तर ते बिनदिक्कत करा. पण मग ते सरसकट हवं. ‘काही देणार नाही’ म्हणायचं आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी आतून दहा-बारा ब्लाउजपीस आणून ठरावीक बायकांच्या हातात कोंबायचे, हे होतं आणि ते सगळ्यात वाईट दिसतं. काही न देता नीट निरोप द्यायचा तर दाराशी पान-सुपारी किंवा बडीशेपेचं तबक ठेवा आणि दोन्ही घरांतलं एकेक मोठं माणूस निघणाऱ्यांशी बोलायला तिथे उभं करा. 110 माणसांच्या लग्नात हे जमतं. हजारांच्या लग्नात जमत नाही, म्हणून तिथे हातात काहीतरी देऊन वेळ मारून नेतात.

तरीही आईचं मन मोडवत नसेल, आणि पत्रावरून तसंच दिसतंय, तर द्या. मात्र ‘प्रत्येक माणसाला एक वस्तू’ हे गृहीत धरू नका. 12,000 भागिले 110 केलं की माणशी 109 रुपये येतात. या भावात बाजारात मिळतात त्या वस्तू म्हणजे प्लास्टिकची की-चेन, फायबरचा गणपती, मुलामा दिलेली समई किंवा खोकं मोठं आणि आत माल कमी असलेला हॅम्पर. नवरा-बायको आणि दोन मुलं जेवायला आली तर त्या घरात एकसारख्या चार वस्तू जातात आणि त्यातल्या तीन अडगळीत पडतात.

म्हणून घरं मोजा. आमंत्रितांची यादी काढा आणि एका चुलीवर जेवणाऱ्यांना एका ओळीत लिहा. 110 माणसांची साधारण 44 घरं निघतील. एकटं येणारं माणूस हेही एक घरच, त्याला अर्धं पाकीट देऊ नका. एकत्र राहणाऱ्या दोन भावांची चूल एक असली तरी त्यांना दोन पाकिटं द्या. इथे कंजूषी केली की वर्षभर बोलणी खावी लागतात. वरची सहा जादा धरली की झाली 50. आता 12,000 भागिले 50 म्हणजे घरामागे 240 रुपये. तेवढ्याच पैशात एकदम वेगळ्या प्रतीची वस्तू बसते.

आता काय द्यायचं ते.

तुळशीपासून सुरुवात करते, कारण ती तुमच्या मनात आहे. कल्पना सुंदर आहे, पण फेब्रुवारी आडवा येतो. तुळशीला ऊब लागते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बी रुजतं हळू आणि रोप वाढतं त्याहून हळू. घरी पेरून लग्नापर्यंत एकसारख्या उंचीची 50 रोपं करणं अवघड आहे. रोपवाटिकेतून घ्यायची तर निदान महिनाभर आधी सांगावं लागतं. नाहीतर शेडनेटखाली वाढलेली कोवळी, लांबडी रोपं मिळतात आणि उन्हात नेली की दोन दिवसांत माना टाकतात. दुसरी अडचण प्रवासाची. सोलापूरला परतणारी मंडळी रोप गाडीच्या डिकीत ठेवणार. दुपारी बंद डिकीत काय होतं ते सांगायला नको. बसने जाणाऱ्यांच्या मांडीवर मातीची पिशवी फुटणार.

याहून मोठी अडचण मनाची आहे. लग्नात मिळालेली तुळस घरी नेऊन वाळली तर ते कुणालाही बरं वाटत नाही. मोठ्या बायकांना तर ते अशुभ वाटतं आणि त्या कधीच बोलून दाखवत नाहीत. भेट देऊन आपण पाहुण्यावर एक जबाबदारी टाकतो, हे जिवंत वस्तूच्या बाबतीत विसरायला होतं. तरी हौस असेल तर दहा-बारा रोपं आणा, एका टेबलावर मांडा आणि ‘ज्यांना हवं त्यांनी न्यावं’ अशी पाटी लावा. ज्यांच्या घरी कुंड्या आहेत ते आनंदाने नेतील. ‘बियांचा कागद’ नावाचा जो प्रकार हल्ली मिळतो, त्याच्या भरवशावर मात्र राहू नका. लगद्यात बी भिजतं, वाळतं, मग कागद महिनोन्‌महिने दुकानात पडून राहतो. उगवण्याची खात्री कुणीच देत नाही आणि बहुतेक कागद शेवटी रद्दीतच जातो.

आईच्या नारळ-ब्लाउजपीसकडे जरा हळुवारपणे बघायला हवं. रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही भावना खरी आहे. पण ब्लाउजपीसचं आपल्याकडे काय होतं हे आईंनाही ठाऊक आहे. सुईचा स्पर्श न होता तो या कपाटातून त्या कपाटात आणि एका हळदीकुंकवातून दुसऱ्या हळदीकुंकवात फिरतो. त्यात बहुतेक 80 सेंटीमीटरचा तुकडा असतो, तो भरल्या अंगाच्या बाईला पुरत नाही आणि रंग तिच्या साडीला जात नाही. द्यायचाच तर मीटरभर सुती खण द्या आणि फक्त जवळच्या पाच-सात जणींना.

खरा मुद्दा दुसरा आहे. ओटी भरण्याची रीत सवाष्णींपुरती असते. 110 माणसांत तुमच्या एखाद्या विधवा मावशी, घटस्फोटित आत्या किंवा लग्न न केलेली मैत्रीण असणारच. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला खण-नारळ मिळतो आणि आपल्याला नुसतं हसून ‘या हं’ म्हटलं जातं, हे त्यांनी आयुष्यभर सोसलेलं असतं. मोठ्या लग्नात ते गर्दीत झाकलं जातं, छोट्या लग्नात सगळ्यांना दिसतं. घरामागे एकच, सगळ्यांना सारखी वस्तू दिली की हा प्रश्नच उरत नाही. आईंना हे समजावताना ‘पद्धत चुकीची आहे’ असं म्हणू नका. त्या मावशींचं नाव घ्या आणि विचारा, ‘त्यांना काय द्यायचं?’ पुढचं बोलणं सोपं होईल.

सासूबाईंच्या हॅम्परबद्दल स्पष्ट सांगते. अशा खोक्यात पैसा जातो तो पुठ्ठा, रिबीन, कागदाच्या झिरमिळ्या आणि टॅग यांवर. चॉकलेटं मुलं गाडीतच संपवतात, मेणबत्ती दिवे गेल्यावरही कुणी लावत नाही, कारण ‘चांगली आहे, राहू दे’. शिवाय दुपारच्या उन्हात गाडीत चॉकलेट वितळतं आणि परत घट्ट झालं की त्यावर पांढरट साय धरते. ते बिघडलेलं नसतं, पण दिसतं बिघडल्यासारखं. हे सगळं सासूबाईंना ऐकवू नका. त्यांनी फोटो पाठवला याचा अर्थ त्यांना या निर्णयात जागा हवी आहे. ती द्या, कशी ते पुढे सांगते.

टिकाऊ वस्तू म्हणून नाशिकच्या भांडी बाजारातून पितळेची किंवा स्टीलची छोटी वाटी, करंडा, निरांजन असं काही घेता येईल. 240 रुपयांत एखादी बरी वस्तू बसेल. घेताना काठ अंगठ्याने दाबून बघा, दबला तर पत्रा पातळ आहे. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे मिळतं त्यात चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तू आधी काळ्या पडतात आणि मग घासून घासून मुलामा निघतो. पितळेच्या वाटीला कल्हई नसेल तर आंबट ठेवायची नाही, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. नाव घालायचं तर तळाशी, बारीक. आणि कृपा करून देवांच्या मूर्ती देऊ नका. गणपती टाकता येत नाही, दुसऱ्याला देववत नाही आणि देव्हाऱ्यात आधीच चार असतात. स्वतःच्या फोटोची फ्रेम हीही त्यातलीच.

मला विचाराल तर तुमच्या लग्नाला सगळ्यात शोभेल ती जुनीच गोष्ट: लाडू-चिवड्याची शिदोरी. वऱ्हाड परत निघताना ती द्यायची पद्धत आपल्याकडे होतीच. ती संपते, अडगळ करत नाही, घरातल्या सगळ्यांना पुरते आणि लग्नाला न आलेल्या आजींपर्यंतही पोचते. आणि तुमच्याकडे तर आयती सोय आहे. चिवडा नाशिकचा आणि शेंगाचटणी सोलापूरची! चटणीचं खातं पूर्णपणे सासूबाईंकडे सोपवा. कुणाकडून घ्यायची, किती तिखट, पाकिटावर काय लिहायचं, सगळं त्यांनी ठरवायचं. त्यांच्याकडच्या माणसांना नाशिकचा चिवडा मिळतो, तुमच्याकडच्यांना सोलापूरची चटणी. हॅम्परचा विषय आपोआप मागे पडेल, कारण आता पिशवीत त्यांची वस्तू आहे.

50 घरांचं माप असं धरा. प्रत्येक पाकिटात चार बुंदीचे लाडू, दीडशे ग्रॅम चिवडा, शंभर ग्रॅम चटणी. लाडू 50 ग्रॅमचा धरला तर 200 लाडू म्हणजे 10 किलो. चिवडा साडेसात किलो, चटणी 5 किलो. आचाऱ्याला ‘50 पाकिटांपुरतं’ असं सांगू नका, नग आणि वजन दोन्ही सांगा. नाहीतर लाडू 35 ग्रॅमचे येतात आणि पाकिटात हरवून जातात.

लाडू बुंदीचेच का, तर ते टिकतात. मोतीचूर नरम आणि ओलसर असतो, लवकर खराब होतो. खवा किंवा दूध घातलेलं काहीही टाळा. रव्याचे लाडू ओल्या नारळाचे असतील तर तेही नकोत. बेसनाचे चालतील, पण उन्हाने तूप सुटलं की ते खोक्यात बसतात, म्हणजे त्यांचा आकार जातो. आचाऱ्याला पाक पक्का ठेवायला सांगा. कच्च्या पाकाचा लाडू पहिल्या दिवशी मऊ आणि छान लागतो, चौथ्या दिवशी त्याला वास येतो. लाडू लग्नाच्या दोन दिवस आधी वळून घ्या, रात्रभर परातीत कापडाखाली गार होऊ द्या आणि मगच भरा. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच. घाईत कोमट लाडू बंद पाकिटात भरले की वाफ आत अडकते, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि पाहुणा घरी पोचेपर्यंत बुरशी धरायची तयारी झालेली असते.

लाडू आणि चिवडा एका पिशवीत कधीही घालू नका. लाडवाच्या ओलीने चिवडा सादळतो आणि चिवड्याच्या फोडणीचा वास लाडवाला लागतो. लाडू पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात, खाली बटर पेपर. नुसत्या पुठ्ठ्यावर ठेवले तर तूप शोषलं जातं, लाडू कोरडे पडतात आणि खोक्याला डाग पडतो. खोक्याभोवती चिकटवायची पातळ प्लास्टिक फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. दुकानदार गुंडाळून देत असला तरी नको म्हणा, सुती दोरा पुरतो.

चिवड्यात पातळ पोह्यांचा दिसायला हलका आणि चवीला छान, पण प्रवासात त्याचा चुरा होतो. पाकिटं लांब जाणार असतील तर भाजक्या पोह्यांचा चिवडा जास्त दणकट. कांदा-लसूण तळून घातलेला चिवडा लवकर मऊ पडतो, कारण कांद्यात ओल राहिलेली असते. खोबऱ्याचे काप उन्हाळ्याच्या तोंडावर खवट होतात, ते कमी घालायला सांगा किंवा वगळा. कढीपत्ता कुरकुरीत तळलेला आहे ना हे नमुन्याच्या वेळीच बोटांनी चुरून बघा, चामट लागला तर तोच सगळ्या चिवड्याला ओल देणार. दीडशे ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा भरपूर जागा घेतो, म्हणून पाकीट एक माप मोठं घ्या आणि दाबून भरू नका.

शेंगाचटणी उखळात कुटलेली असली तर तिला तेल सुटतं आणि तिचे गोळे होतात. मिक्सरमधली कोरडी आणि भुकटीसारखी असते. चव पहिलीची, सोय दुसरीची. कुटलेली घेतलीत तर साध्या कागदी पाकिटात तेल बाहेर येऊन पिशवीला लागणार, तेव्हा आतून अस्तर असलेलं सीलबंद पाकीटच घ्या. चटणी आठवडाभर आधी आणली तरी चालते. मात्र दाणे जुने नाहीत ना, हे एक चिमूट खाऊन बघा. खवट दाण्याची चव तिखट आणि लसूण दोन्हींखाली लपत नाही. तुमच्या यादीत कांदा-लसूण न खाणारे शेजारी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कुणी असेल तर चार-पाच पिशव्यांत चटणीऐवजी बेदाणे घाला. चिवड्यातही दाणे असतात, तेव्हा ॲलर्जीवाल्या घराच्या पिशवीत चिवड्याच्या जागीही दुसरं काहीतरी द्यावं लागेल. या पिशव्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवा. मधुमेह असलेल्यांची फार काळजी करू नका, घरात लाडू खाणारं कुणीतरी असतंच.

हे सगळं ज्यात जाईल ती पिशवी मात्र टिकाऊ हवी. तुम्हाला आठवण राहावी असं वाटतंय ना, ते काम पिशवी करेल. लग्नात मिळणाऱ्या चकचकीत नॉन-वोव्हन पिशव्या कापडासारख्या दिसतात, पण ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच असतं आणि काही महिन्यांत त्याचा भुगा पडतो. मांजरपाट किंवा जाडसर सुती घ्या. हिशेब सरळ आहे. 36 इंच पन्ह्याच्या मीटरभर कापडातून 14 इंच रुंद आणि 34 इंच लांब असे दोन पट्टे निघतात. प्रत्येक पट्टा मधोमध दुमडला की तळाला जोड न येता एक पिशवी. शिवून साधारण 13 बाय 15 इंचांची होते. उरलेल्या 8 इंच पट्टीतून चार इंची दोन पट्ट्या कापा, त्या मध्यावर तोडा, की 19-20 इंचांचे चार बंद मिळाले. चार घड्या घातल्या की इंचभर रुंदीचा मजबूत बंद होतो. म्हणजे मीटरला दोन पिशव्या, 50 पिशव्यांना 25 मीटर, कापताना वाया जाईल म्हणून 27 घ्या.

शिवायला बचत गटाकडे द्या किंवा ओळखीच्या शिंप्याकडे, पण आधी एक पिशवी शिवून मागवा आणि तिच्यात तीन किलो कांदे भरून उचला. पिशव्या फाटतात त्या बंदाच्या जोडावर. तिथे एकच आडवी शिलाई असेल तर परत पाठवा, चौकोन मारून आत फुली हवी. नाव-तारीख मोठ्या अक्षरांत छापू नका. दुसऱ्याच्या लग्नाची जाहिरात खांद्यावर घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. कोपऱ्यात लाकडी ठशाने एखादी वेलबुट्टी उठवा. 50 नगांसाठी स्क्रीन प्रिंटिंग महाग पडतं, कारण प्रत्येक रंगाच्या फ्रेमचा खर्च नग कमी असले तरी तेवढाच लागतो. ठसा कापडाच्या रंगात बुडवून उठवायचा, दिवसभर वाळू द्यायचा आणि उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची. इस्त्री राहिली तर पहिल्या धुण्यात रंग जातो. तुमची नावं आतल्या चिठ्ठीवर घाला आणि तिच्यावरच लाडू केव्हा केले, कधीपर्यंत संपवावेत, कशात दाणे आहेत हे लिहा. छापील कवितेपेक्षा लोक हेच वाचतात.

काहीजण भेटीऐवजी ‘तुमच्या नावे अमुक संस्थेला देणगी दिली’ असं कार्ड देतात. देणगी जरूर द्या, पण तिला परतभेट म्हणू नका. पावती तुमच्या नावाची, पुण्य तुमचं, मग पाहुण्याला नक्की काय मिळालं?

मानपान या हिशेबात आणू नका. मामा, आत्या, करवल्या, व्याही यांना जे काही द्यायचं ते वेगळं, घरी, आदल्या दिवशी. दोन्ही आयांना एकत्र बसवून नावं ठरवा आणि दोन्हीकडची संख्या सारखी ठेवा. तुमच्याकडून सात, त्यांच्याकडून सात. टॉवेल-टोपी आणायचीच असेल तर निदान टॉवेल सोलापूरचा चांगला घ्या, तो वापरला तरी जातो. या साती-साती चौदाचा खर्च 12,000 मधून काढू नका, नाहीतर पिशवीत शेवटी नुसता चिवडा उरेल.

कामाचा क्रम सांगते. सहा आठवडे आधी घरांची यादी आणि कापड. चार आठवडे आधी पिशवीचा नमुना आणि चिवड्याचा नमुना. चिवडा चाखायचा तो आणल्या दिवशी नाही, बंद डब्यात आठ दिवस ठेवून, कारण पाहुणे तो तेव्हाच खाणार आहेत. आठवडाभर आधी चटणी, चार दिवस आधी चिवडा, दोन दिवस आधी लाडू, आदल्या दिवशी दुपारी भरणं. भरायला चारजण पुरतात. एकजण खोकं ठेवेल, एकजण पाकिटं, एकजण चिठ्ठी, एकजण मोजेल. मोजणारं माणूस गप्पा मारणारं नको.

वाटपाची वेळ चुकली की सगळं चुकतं. येताना हातात दिलं तर पिशव्या खुर्च्यांखाली राहतात. जेवणाच्या पंगतीत दिलं तर वाढप्यांच्या पायात येतात. तुम्ही दोघं स्वतः देऊ असं ठरवलंत तर फोटो आणि नमस्कार यांतून सुटका होत नाही आणि निम्मी मंडळी निघून जातात. बाहेरच्या दाराजवळ टेबल मांडा. तिथे दोघं असू देत: चेहरे ओळखणारा एखादा काका-मामा आणि यादीवर खूण करणारं कॉलेजातलं भावंड. दोन्हीकडच्यांना ओळखणारं एकच माणूस मिळणार नाही, म्हणून दोन्ही घरांतला एकेक. खुणेचा उपयोग संध्याकाळी होतो, कोण राहिलं ते कळतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोचवता येतं.

गुरुजी, आचारी, वाढपी, हॉलचा राखणदार, गाडीचे चालक यांना यादीत धरलंत का? बहुतेक यादीत ही माणसं नसतात आणि ऐनवेळी जादा सहा पिशव्या तिथेच संपतात. त्यांची संख्या आधी मोजा आणि पिशव्या 60 करा. म्हणजे नगामागे 200 रुपये पडतील, तेवढ्यासाठी लाडू चारऐवजी तीन करा. 60 पिशव्यांना कापडही 30 मीटर लागेल, वरचे दोन धरून 32. पिशवी दिली म्हणून त्यांची ठरलेली बक्षिसी कापू नका.

परदेशातून कुणी येणार असेल तर त्यांना आधी विचारा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बी, रोपं आणि दुग्धजन्य पदार्थ यांबाबत नियम फार कडक आहेत. आत काय आहे ते विमानतळावर जाहीर करावं लागतं, न सांगता नेलं तर दंड होतो. तुपातले लाडू त्यात अडकू शकतात. त्यांना रिकामी पिशवी आणि सोबत एक सुती नॅपकिन द्या, लाडू इथेच बसवून खायला घाला.

शेवटी दोन-चार पिशव्या उरतीलच. चटणी टिकते, पण लाडू आणि चिवडा घरी ‘असू दे’ म्हणून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी बघून राहिलेल्या घरांना पोचवा, उरल्या तर आजूबाजूच्या, लग्नाला न बोलावलेल्या शेजाऱ्यांकडे पाठवा. छोट्या लग्नात न बोलावल्याचं थोडंसं वाईट त्यांनाच वाटलेलं असतं.